भावजी, भोपळा अख्खाच आहे

भावजी, तुमचा भोपळा अजून माझ्या फ्रिजवर बसलाय. तुम्ही ठेवलात तसाच, देठ भिंतीकडे करून. तेरावं झालं, पाहुणे गेले, तुमच्या अंगणातल्या भाड्याच्या खुर्च्याही गेल्या, आणि हा आपला ढिम्म. दूध काढायला फ्रिज उघडला की दाराच्या धक्क्यानं जरासा हलतो. मग मी त्याला म्हणते, थांब रे बाबा, माझंच अजून काही ठरत नाहीये.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणतात. ते तुमच्या गावच्या नाक्यावर फ्लेक्सवर लिहिलेलेच आहेत, फोटोसकट. कष्टाळू, परोपकारी, मनमिळाऊ. मनमिळाऊ वाचून मला त्या दुःखातही हसू आलं. माझ्याशी तुमचं कधी एका गोष्टीवर धड जमलं नाही. घरातले सगळे म्हणायचे, या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, आणि तुम्ही विचारायचात, यातला भोपला कोन? तर ते चार शब्द मी लिहिणार नाही. मला तुमच्याशी भांडायचंय. भांडण अर्धवट टाकून उठून गेलात तुम्ही, आणि ही काही रीत नव्हे.

भांडण या भोपळ्याचंच. अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसानं पहिली सुरी लावायची नाही, हे तुमच्या घरात आले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असं नाही. माझी आईसुद्धा पाळायची. घरातल्या पुरुषानं एकदा कोयता घालून दोन भकलं केली, की पुढे विळीवर बसून बाईनं त्याचं काय वाटेल ते करावं. पण कारण मला सासूबाईंनी सांगितलं. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा. आईनं थोरल्यावर हत्यार उचलायचं नसतं.

मी काही असल्या गोष्टी पाळणारी बाई नाही. सोमवारचे उपास लग्नाआधीच बंद केले होते. हे गेले तेव्हा टिकली काढली नाही, आणि बायकांच्या कपाळाला आठ्या पडल्या तर पडू दिल्या. अमावास्येला नवी साडी नेसते. मांजर आडवी गेली तर तिलाच म्हणते, जा बाई, तुला घाई असेल. पण भोपळा मी कधी चिरला नाही. हे होते तेव्हाही नाही, हे गेल्यावरही नाही. मयूरी चिडवायची, आई, तुझा सगळा पुरोगामीपणा भोपळ्यापाशी कसा गं संपतो? मी म्हणायचे, कठीण असतो, माझ्या मनगटात जोर नाही.

खरं कारण तुम्हाला माहीत होतं. म्हणून तर तुम्ही यायचात. तुमच्या गावातून, पळस्प्याच्या नाक्यावरचे ते कंटेनर चुकवत, आधी सायकलवर, मग त्या फटफट करणाऱ्या स्कूटरवर, खांदा कॉलनीत माझ्या तळमजल्यावरच्या घरात. कशाला, तर भोपळ्यावर एकदा कोयता मारायला. कोयता दरवेळी आणायचा कंटाळा म्हणून तो माझ्याकडेच ठेवलात, ओट्याखाली, गोणपाटात गुंडाळून. आलात की आधी चहा. मग भोपळ्यावर टिचकी मारून कान लावणं, जसं काही आतून कुणी ओ देणार आहे. मग तळहात त्याच्यावर ठेवून एक क्षणभर गप्प. सगळ्या थट्टामस्करीत तेवढा एक क्षण तुम्ही गप्प असायचात. मग कोयता.

आणि मग तुमची मजुरी. पहिल्या कापाबरोबर ज्या बिया सुटतात, त्यातली पहिली मूठ तुमची. रुमालात बांधून खिशात. मला बिया भाजून मीठ लावून खायला आवडतात, हे माहीत असून. मी हात पुढे केला की फटका बसायचा. ''त्या नाय. त्या माझ्या.'' किती वेळा मी तुम्हाला चिक्कू म्हटलं असेल! अहो, अख्खा भोपळा माझ्या घरी ठेवून जाता आणि मूठभर बियांवर डोळा? तुम्ही हसायचात, रुमालाची गाठ घट्ट करायचात आणि म्हणायचात, ''शेतकऱ्याला बी दिसला का तो येडा होतो, वयनी.'' शेत जाऊन किती वर्षं झाली होती! शेताच्या जागी कंटेनर यार्ड आलं, त्याची भिंत आली, भिंतीवर तारा आल्या. तरी तुम्ही शेतकरी. मला वाटायचं, हा माणूस जुनं सोडत नाही.

माझ्या खिडकीखाली वेल लावलात तेव्हाची गोष्ट आठवते का? स्कूटरवर शेणखताचं पोतं घेऊन आलात आणि सोसायटीच्या आवारात वास सुटला. आमचे सेक्रेटरी धावत आले. आवारात भाजीपाला लावायला परवानगी नाही म्हणाले. तुम्ही त्यांना म्हणालात, भाजीपाला नाय साहेब, शोभेचा झाड हाय, पिवला फूल येतो. फुलं आली तेव्हा खरंच शोभा आली. पण फळ धरेना. पेस्ट कंट्रोलनं मधमाश्या कुठल्या राहायला! मग तुम्ही पहाटे यायला लागलात, फुलं उमलायच्या वेळेला. देठावरचं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, आणि ज्या फुलामागे बोटाच्या पेराएवढा भोपळा असतो त्या फुलात तो दांडा हलक्या हातानं फिरवायचा. मी खिडकीतून विचारलं, काय चाललंय? म्हणालात, लगीन लावतोय. मी म्हटलं, भटजी, दक्षिणा काय घेणार? चहा, म्हणालात, आणि तुझ्या हातचा नको, गोड नसतो.

पहिलं फळ धरलं तेव्हा सेक्रेटरी पुन्हा आले. ड्रेनेजच्या पाइपावर वेल चढलाय म्हणून तक्रार होती. त्यांनी बोट दाखवलं, सरळ, थेट त्या कोवळ्या फळाकडे. तुम्ही एवढे दचकलात की हातातली झारी सांडली. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं. दाखवायचंच असेल तर बोट वाकवून दाखवायचं, हे मला ठाऊक होतं, मयूरीला लहानपणी तुम्हीच शिकवलं होतं तिचं बोट मुडपून. सेक्रेटरींना कोण शिकवणार? चार दिवसांनी ते फळ पिवळं पडून गळालं. मी म्हटलं, अहो, फळमाशीनं डंख मारलाय, हे बघा छिद्र. तुम्ही ऐकलं नाहीत. शेवटपर्यंत तुम्ही त्या माणसाला 'बोटवाला' म्हणत होतात. पुढे त्याच बोटवाल्याच्या घरी तुम्ही भोपळ्याची भली मोठी फोड नेऊन दिलीत आणि त्याची बायको कृती विचारायला माझ्याकडे आली. त्यानंतर तक्रार आली नाही.

कृतीवरून आपला वाद होताच. मी मेथीदाण्याची फोडणी घालून भाजी करायचे, वरून ओलं खोबरं. तुमचं म्हणणं, सुकट घातल्याशिवाय भोपळ्याला चव नाही. मी म्हणायचे, गोड भाजीत सुकट म्हणजे लग्नात मयताचा वास. तुम्ही म्हणायचात, वयनी शहरातली ना, नाक नाजूक. पनवेल गावातली मी, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली. तुमच्या गावाहून बसनं अर्धा तास. त्याला तुम्ही शहर म्हणायचात. घारग्यांवर मात्र तुम्ही तुटून पडायचात. गूळ कमी म्हणून नावं ठेवत ठेवत ताट रिकामं करायचात. किडनीचं दुखणं निघालं आणि डायलिसिस सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी जे जे बंद सांगितलं त्यात भोपळासुद्धा होता. मला रडू आलं आणि तुम्ही मोठ्यानं हसलात. जन्मभर पिकवला, म्हणालात, आता बघून घेतो.

आणि खरंच नुसते बघत होतात. हा फ्रिजवरचा तुमचा शेवटचा. माझ्याच खिडकीच्या ग्रिलला लागला. एवढा जड झाला की देठ तुटेल असं वाटायला लागलं, म्हणून तुम्ही आधार द्यायला जुनं कापड मागितलंत. मी माझी एक मऊ झालेली सुती साडी दिली. तुम्ही तिची झोळी करून ग्रिलला दोन्हीकडून गाठ मारलीत आणि भोपळा आत ठेवलात. वारा आला की झोळी हलायची. मी ओट्यापाशी उभी होते. बघितलं आणि आत निघून गेले. तुम्हीही स्कूटर काढून चहा न घेता गेलात.

आता ते सांगते. आपण दोघं कधी बोललो नाही, पण आता तुम्ही थांबवू शकत नाही.

मयूरीच्या आधी मला मुलगा झाला होता. बारसं व्हायचं होतं, नाव ठरायचं होतं. सासूबाईंनी पाळणा घासूनपुसून ठेवला होता. दूध ओढेना, अंग निळसर पडायला लागलं, पनवेलला नेलं, आणि परत आणलं ते तसंच. हे दारात बसले ते बसलेच. कुणी हाक मारली तरी मान वर करेनात. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात, आणि बाईनं बरोबर जायचं नसतं. न्यायचं कुणी? तुम्ही तेव्हा कॉलेजात नाव घातलेलं पोर, मिसरूड जेमतेम फुटलेली. तुम्ही पुढे आलात. माझ्या साडीचा तुकडा मीच फाडून दिला. त्यात गुंडाळून, दोन्ही हातांवर घेऊन तुम्ही शेताकडे गेलात. आलात तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. अंगणातल्या नळावर बराच वेळ धूत बसलात. कुठे ठेवलंत, मी विचारलं नाही. सासूबाईंनी बजावलं होतं, विचारायचं नाही, विचारलं की जीव तिथेच घुटमळतो.

त्यानंतर काही दिवसांनी घरात भोपळा आला. शेतातलाच. सासूबाईंनी यांच्या हातात कोयता दिला. यांनी तो घेतला, भोपळ्याकडे बघितलं आणि खाली ठेवून परसात निघून गेले. मी भिंतीला टेकून बसले होते. तुम्ही तो कोयता उचललात. तळहात ठेवलात त्या भोपळ्यावर, आणि मग एका घावात दोन भकलं. ''वयनी, चिर आता, भूक लागलीय,'' एवढंच बोललात. तेव्हापासून या घराची पहिली सुरी तुमची. यांनी पुन्हा कधी घेतली नाही, आणि माझा तर प्रश्नच नव्हता. आईनं थोरल्यावर हत्यार उचलायचं नसतं. माझा थोरला मला एवढाच मिळाला होता.

आता सांगा, हे सगळं ठाऊक असून दवाखान्यात तुम्ही मला काय म्हणालात? डायलिसिस उरकून तुम्हाला वॉर्डात आणलं होतं. चेहरा सुजलेला, हाताला सुया. तुमची पुष्पा औषधं आणायला खाली गेली होती. मी तुम्हाला सांगत होते, लवकर घरी या, भोपळा वाट बघतोय, देठ पार सुकलाय. तुम्ही डोळे मिटूनच होतात.

''वयनी, यो भोपला तूच काप.''

मी म्हटलं, ''काहीतरीच काय! बरे होऊन या आणि कापा.''

''मी येनार नाय या वेलेला. तू काप. बिया मात्र ठेव.''

मला राग आला. खरंच संताप आला. माणूस मरणाच्या दारात आणि जीव बियांत! मी म्हटलं, तुमच्या बिया गेल्या खड्ड्यात, असलं अभद्र बोलणार असाल तर मी चालले. तुम्ही डोळे उघडलेत. माझा हात धरलात. उभ्या आयुष्यात तुम्ही माझा हात धरला नव्हता. आणि म्हणालात, ''वयनी, तवा मी त्याला...''

मी तुम्हाला पुढे बोलू दिलं नाही. आता दमू नका, म्हटलं, नंतर बोलू, घरी आलात की बोलू. मागून सिस्टर आली, भेटायची वेळ संपली म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या निखिलचा फोन आला.

एवढ्या वर्षांनी तुम्ही तोंड उघडलं होतं आणि मी म्हटलं नंतर. भावजी, याचं काय करू? कुठे ठेवलंत ते सांगणार होतात ना? तेच सांगणार होतात. तुमच्याखेरीज ते ठाऊक असणारं कुणी उरलं नाही. तुमचे दादा गेले, सासूबाई गेल्या. तुमचं प्रेत अंगणात होतं आणि बायका मला धरून होत्या. त्यांना वाटत होतं मी दिरासाठी रडतेय. मी दोघांसाठी रडत होते.

तेराव्याला निखिल म्हणाला, काकी, बाबांचा भोपळा आण की, मी मारतो कोयता, घारगे करू बाबांना आवडायचे. चांगला मुलगा आहे, द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर झालाय, बापासारखा आडदांड. त्याच्या हातून चिरला असता तर रीतही राहिली असती आणि प्रश्नही मिटला असता. पण मी नाही म्हटलं. कारण तुम्ही मला सांगितलं होतं, निखिलला नाही. आणि मी तर हो म्हटलं नव्हतं. त्यामुळे तो कुणाचाच नाही झाला. तेराव्याला पुष्पानं बाजारातून चिरलेली फोड आणली.

त्याच दिवशी, भांडी आवरताना, मी पुष्पाला तुमचं बियांचं सांगितलं. थट्टेनंच. म्हटलं, तुझा नवरा शेवटी बियांची आठवण काढून गेला. तर ती भांडं घासता घासता थांबली. म्हणाली, ''ताई, तुमाला नाय बोलले कंदी? ते दरसाली मिरगाच्या तोंडाला यार्डाच्या भिंतीशी जायचे. आपल्या शेतातला करंज हाय ना, त्याच्या खाली बिया टोचायचे. मी किती बोलले, तिथं कोन राखनार, कोन खानार? मला बोलायचे, तू गप. तिथला भोपला घरात कंदी आनला नाय त्यांनी.''

मी ताट हातात घेऊन उभीच राहिले. त्या रुमालातल्या बिया. माझ्या घरच्या भोपळ्याच्या, तुम्ही मला हात लावू न दिलेल्या बिया.

दुसऱ्या दिवशी सकाळी निखिलला म्हटलं, मला शेतावर ने. कुठलं शेत, म्हणाला. यार्डाकडे ने, म्हटलं. त्याला काही सांगितलं नाही. पळस्प्याच्या नाक्याला नेहमीसारखी गाड्यांची रांग. मग तो सर्व्हिस रोड, धुरळा, आणि ती लांबच लांब भिंत. मी तिकडे कधी गेलेच नव्हते, शेत गेल्यापासून. करंज मात्र मी लांबून ओळखला. भिंत बांधणाऱ्यांनी त्याला कसा सोडला कोण जाणे, भिंतीच्या बाहेर हातभर जागेत उभा आहे. खाली केबिनमध्ये एक म्हातारा वॉचमन. आम्ही झाडापाशी घुटमळतोय बघून तो आला. निखिलनं तुमचं नाव सांगितलं. त्याचा चेहराच खुलला.

''अरे, चाचा! इस साल अभी तक आए नहीं. मैंने जगह साफ करके रखी है.''

निखिलनं त्याला सांगितलं. तो खाली बसला. टोपी काढली. मग सांगायला लागला, चाचा दरवर्षी यायचे, बिया लावायचे, मध्येमध्ये पाणी घालायला यायचे. भोपळे लागले की म्हणायचे ड्रायव्हर लोकांना द्या, गाईला घाला, मला नको. यानं एकदा विचारलं होतं, चाचा, न्यायचं नाही तर लावता कशाला? तेव्हा चाचा म्हणाले होते, माझ्या पुतण्यासाठी लावतो. मग त्यानं निखिलकडे नीट बघितलं.

''आप ही हो क्या वो भतीजा?''

निखिल गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. ''नहीं,'' मी म्हटलं. ''वो यहीं पे है.''

म्हाताऱ्याला काय कळलं माहीत नाही. त्यानं केबिनमधून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला. जमीन तापलेली होती, भेगाळलेली. करंजाच्या बुंध्याशी थोडीशी माती खुरपून ठेवलेली दिसत होती. वर भिंतीच्या तारेला गेल्या वर्षीचा वेल अडकून राहिला होता, वाळून सुतळी झालेला. निखिलला तेवढाच दिसला. ''काकी, तो बघ, बाबांचा वेल,'' म्हणत त्यानं हात लांब करून बोट दाखवलं, सरळ, त्या मातीच्या वर. मी झटकन त्याचं बोट पकडलं आणि मुडपलं.

''अगं काकी, तिथं कुठं फळ हाय आता?''

''असू दे,'' मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्यानं गाडी सुरू केली नाही. एवढा मोठा बाप्या, स्टीअरिंगवर डोकं ठेवून बसला. मला म्हणाला, बाबांनी मला का नाही सांगितलं? मी म्हटलं, तुझ्या बाबांनी मलासुद्धा नाही सांगितलं रे. सांगायला निघाले तेव्हा मीच गप्प केलं.

घरी आले आणि या भोपळ्यासमोर स्टूल घेऊन बसले. तुमच्यावर चिडावं की तुमच्या पाया पडावं ते कळेना. दिराच्या पाया वहिनी पडत नाही, तेवढं एक बरं. तुम्ही मला काप म्हणालात ते कशासाठी, हे आता समजलं. माझं धाडस बघायचं नव्हतं तुम्हाला. रीत मोडायला लावायची हौस तर तुम्हाला मुळीच नव्हती. रीतीचे तुम्ही माझ्याहून पक्के. मिरग तोंडावर आलाय. हा कापला नाही तर बिया नाहीत. बिया नाहीत तर करंजाखाली यंदा काहीच नाही. तुम्ही तर जाणार हे तुम्हाला कळून चुकलं होतं. मग एवढी वर्षं जे तुम्ही केलंत ते करायचा हक्क आणखी कुणाचा होता? माझाच ना?

हे इथवरचं काल रात्रीचं. आज सकाळी ओट्याखालून कोयता काढला. गोणपाटाला अजून तुमच्या बिडीचा वास आहे. भोपळा जमिनीवर पाटावर ठेवला. तुमच्यासारखी टिचकी मारली, कान लावला. मग तळहात ठेवला त्याच्यावर. गार होता, आणि जरा खडबडीत. तुम्ही त्या क्षणात काय म्हणत होतात ते मला ठाऊक नाही, पण मी म्हटलं, बाळा, आई आहे. मोठ्यानं म्हटलं. घरात कुणीच नव्हतं.

घाव नीट बसला नाही. कोयता अर्ध्यात रुतला, ना पुढे ना मागे. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. वरवंट्यानं ठोकून ठोकून खाली नेला. कर्रकन आवाज झाला आणि तो उघडला. आतून असा केशरी, असा भरलेला! वास आला, ओल्या मातीत काकडी चिरल्यासारखा. मी पाटाशेजारी बसून रडले. बऱ्याच वर्षांचं होतं ते. मग डोळे पुसले, विळी घेतली, आणि तुम्हीच त्या दिवशी म्हटलं होतंत तसं, पुढचं चिरायला घेतलं.

घारगे केले. गूळ जरा जास्तच घातला, तुम्ही म्हणायचात तेवढा. पुष्पाला, बोटवाल्याला, सगळ्यांना पाठवले. उरलेल्या भोपळ्याची भाजी केली, त्यात सुकट घातली नाही. तो वाद आपला तसाच राहू द्या. सगळंच तुमचं ऐकायचं म्हणजे अतीच होईल.

दुपारी निखिल आला डबा न्यायला. बापासारखाच, आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून झाकणं उघडणारा. तव्यावर मी थोड्या बिया भाजल्या होत्या, त्या त्यानं फस्त केल्या. मग खिडकीत, तुम्ही झोळी बांधली होतीत त्या ग्रिलपाशी, ताटलीत पहिली मूठ धुऊन वाळत घातली होती, तिकडे त्याचा हात गेला. मी फटका मारला.

''त्या नाही,'' म्हटलं. ''त्या तुझ्या थोरल्या भावाच्या.''